जांभळ्या स्वेटरची बटणं

गेले ना लाइट? जाऊ दे गं, आता तासभर काही येत नाहीत. तो चार्जिंगचा दिवा आण इकडे, मधे ठेव आणि बस अशी समोर. चहा घे. कप दोन्ही हातांनी धर, म्हणजे ऊब लागेल. परवापासून नाक गळतंय तुझं, डोळ्यांतून पाणी काय येतंय... मला तर वाटलं ब्रेकअप झाला की काय ठमाबाईंचा. हो हो, देते सर्दीची गोळी, उजेड तर येऊ दे, अंधारात भलतीच गोळी दिली तर माझंच नाव खराब. तोवर त्या कोटाची बटणं लाव. गळ्यापर्यंत लाव. हां, अश्शी!

कोट भारी आहे पण. जुन्या कपड्यांच्या ढिगातून काढलास ना? आणि खिशात काय निघालं म्हणालीस, सुतळीचा तुकडा? म्हणजे कुणातरी माळ्याचा असणार. परवापासून अंगावरून उतरवला नाहीयेस, झोपतेस पण त्यातच.

मी नाही घेत हं असले कपडे. शिष्ट नाही गं, आधी घ्यायचे की मी पण. कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगपासून बंद केलं. कारण सांगितलं तर रात्री माझ्याच पलंगावर येऊन झोपशील. सांगू? बघ हं.

तर मी तेव्हा नवी इंटर्न. म्हणजे डॉक्टर झालेली, पण कुणी डॉक्टर म्हणत नाही अशी. सर म्हणायचे ‘ए इंटर्न’, सिस्टर म्हणायच्या ‘बाळ’, आणि सफाईच्या मावशी तर सरळ ‘ए पोरी’. त्या दिवशी दुपारी मी काय करत होते सांगू? रिकामे सिलिंडर मोजत होते. इतकं साधं काम. बाहेर टळटळीत ऊन, पण थंडीचे दिवस, आत फरशी बर्फासारखी. आणि तेवढ्यात एक टेम्पोवाला आपल्या बायकोला अक्षरशः खांद्यावर टाकून आत आला.

‘‘हार्टचं काहीतरी झालंय,’’ म्हणाला. ‘‘फुलांच्या नर्सरीत काम करते. काम करता करता पडली.’’

तोंडातून फेस. अंग घामाने निथळतंय, जणू आंघोळ करून आलीय. छातीत घरघर, पाण्यात नळी घालून फुंकल्यासारखी. आणि वास गं... लसूण आणि रॉकेल एकत्र चेचल्यावर येईल तसा. मी डोळ्यांवर टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या! दोन काळे ठिपके, बस. दंडावरचं मांस कातडीखाली आपोआप थरथरत होतं, आत किडे वळवळावेत तसं.

सरांनी लांबूनच विचारलं, ‘‘फवारणी?’’

‘‘हो, पंप पाठीवर घेते ती,’’ नवरा म्हणाला. ‘‘दोन-तीन दिवस गळत होता पंप. मी म्हटलं होतं तिला...’’

सर म्हणजे एरवी एकदम संथ माणूस, चहाचा कप उचलायलाही वेळ घेणारा. पण असं काही आलं की वेगळेच व्हायचे. ‘‘जाड हातमोजे घाला सगळ्यांनी, ते पातळ नकोत. ऑक्सिजन लावा. अॅट्रोपिन काढा. कपडे कापा, पिशवीत भरा, त्यावर दुसरी पिशवी. खिडक्या उघडा. आणि धुवा तिला. केस, नखं, कानामागे, सगळं, साबण लावून.’’

अॅट्रोपिन म्हणजे या विषावरचा उतारा. द्यायचं, थांबायचं, छाती ऐकायची. घरघर आहे? मग दुप्पट द्यायचं. परत ऐकायचं. सर म्हणायचे, डोळ्यांकडे बघून फसू नका, छाती कोरडी होईपर्यंत हात थांबवायचा नाही. माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडत असतं गं, कोरड्या जमिनीवर. मी कानात नळ्या घालून तिच्या छातीवर अशी वाकून उभी होते, आणि शेवटी आत ते पाणी ओसरलं. नुसता श्वास ऐकू आला. इतकं भारी वाटलं ना मला! दुसरं औषधही सुरू केलं, सलाइनमधून, हळूहळू जाणारं.

धुतल्यावर ती थंडीने कुडकुडायला लागली. तिला शेवटच्या खाटेवर घेतलं, न्हाणीच्या दाराला लागून जी होती ना, तिथे. ब्लँकेट एकच, ते पण विरलेलं. मावशी म्हणाल्या, ‘‘थांब, आपल्या कपाटातून काहीतरी आणते.’’

हे कपाट म्हणजे मावशींचा जीव की प्राण. कसंय, कॅज्युअल्टीत कपडे कापावे लागतात. मग घरी जाताना पेशंटने घालायचं काय? तर कुणी नेले नाहीत असे कपडे मावशी धुऊन, इस्त्री करून, सगळी बटणं लावून घडी घालून ठेवायच्या. कुणाचं काही वाया जाऊ द्यायच्या नाहीत. त्यातून त्यांनी एक स्वेटर आणला. हाताने विणलेला, जांभळा, समोर मोठी मोठी लाकडी बटणं. नर्सरीवालीला घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. आईने शाळेत जाणाऱ्या पोराची लावावीत तशी.

काय? दिवा मंद झालाय? नाही गं, फुल आहे की. मला तर डोळ्यावर येतोय. बरं, ओढ तुझ्याकडे.

तर थोड्या वेळाने ती बरळायला लागली. यात नवल काही नाही हं. अॅट्रोपिन जास्त झालं की माणूस तापतं, तोंडाला कोरड पडते, हवेतलं काहीबाही वेचायला लागतं, नसलेल्या माणसांशी बोलतं. आमच्याकडे नियमच होता, अॅट्रोपिनवरचा पेशंट काय बोलतो ते मनावर घ्यायचं नाही. एकाने तर सरांना स्वतःची सासू समजून माफी मागितली होती!

पण ही हवेतलं वेचत नव्हती. स्वेटरची बटणं काढत होती. वरून एक, मग दुसरं. सावकाश.

मी म्हटलं, ‘‘अहो, थंडी वाजेल. असू द्या.’’

ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्याच्या मागे बघत होती. न्हाणीच्या दाराकडे.

‘‘ती म्हणतेय काढ...’’

‘‘कोण?’’

‘‘ती... ओली आहे ती. म्हणतेय, काढ गं बाई... काढ.’’

मी मागे वळून बघितलं. हसू नकोस, तूही बघितलं असतंस. कोणी नव्हतं. उघडं दार, आतला नळ, पांढऱ्या टाइल्स, बाहेर ऊन. इतक्या लख्ख उजेडात भीती वाटायला नको ना? आणि मला तर मानेवर कुणीतरी ओलं फडकं ठेवल्यासारखं झालं.

मावशी आल्या, ‘‘अरे देवा, उघडी काय पडलीस!’’ म्हणाल्या आणि परत बटणं लावून गेल्या.

आणि मग सगळं बिघडलं.

छाती परत भरली. घाम, लाळ, बाहुल्या परत टाचणीएवढ्या. परत अॅट्रोपिन, परत दुप्पट, परत मी वाकून ऐकतेय. कशीबशी कोरडी झाली. आम्ही हुश्श केलं... आणि परत. उतरायचं आणि चढायचं. सरांचा चेहरा बदलला. धुतलेली बाई, कपडे बाहेर, औषध चालू, मग विष येतंय कुठून? याचा एकच अर्थ कुणाच्याही डोक्यात येईल.

सरांनी नवऱ्याला बाजूला घेतलं. मी तिथेच होते.

‘‘खरं सांगा. घरी भांडण झालं होतं?’’

‘‘नाही हो.’’

‘‘ती प्यायलीय का? किंवा... कुणी पाजलंय का?’’

त्या माणसाने हात जोडले गं. मग म्हणाला, ‘‘साहेब, सकाळी ती माझ्या डब्यात दोन पोळ्या जास्त टाकून कामावर गेलीय. तुम्ही मला काहीही म्हणा. तिला म्हणू नका.’’ आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

सर परत येताना पुटपुटले, ‘‘आता छाती भरली तर घशात नळी टाकावी लागेल. आणि आपलं मशीन अडकलेलं आहे.’’ म्हणजे श्वासाचं मशीन एकच रिकामं असायचं आणि त्या दिवशी तेही नव्हतं. नळी टाकून हाताने फुगा दाबत बसायचं, किती वेळ ते कुणालाच माहीत नाही. तिला वाचवायचं म्हणजे विष कुठून येतंय ते तेवढ्यात शोधायचं. एवढंच होतं हातात.

अगं, कोटाचं वरचं बटण उघडं आहे तुझं. लाव ना, थंडी वाजते म्हणतेस आणि... लावलं होतंस? बरं बाई, परत लाव. आणि पोटात काय कळ आली? त्या कॅन्टीनचं खाऊ नकोस म्हटलं होतं मी. ऐक पुढे, आता खरी गंमत आहे.

गंमत म्हणजे... गंमत नाही.

तिने बटणं काढायचं काही सोडलं नाही. सुई उपटेल म्हणून सिस्टरनी तिचे दोन्ही हात मऊ बँडेजने खाटेच्या दांड्यांना बांधले. सैलसर, पण छातीपर्यंत पोचणार नाहीत असे. मावशींनी बटणं लावली. सगळी. मी डोळ्यांनी बघितलं. मग सिस्टर औषध आणायला गेल्या, सर फोनवर मशीन शोधत होते. पडदा ओढलेला, आत मी आणि ती.

मी छाती ऐकायला वाकले. कानात नळ्या होत्या, त्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. नुसता तिचा श्वास. आणि मग त्या श्वासाच्या मधे, नळीतून, लोकरीवरून काहीतरी घासल्याचा आवाज. खस्स... खस्स. मला वाटलं माझीच बाही लागतेय. मी नजर खाली केली.

वरचं बटण उघडं होतं.

तिचे हात बघितले. बांधलेले. बोटं सुद्धा हलत नव्हती. डोळे उघडे, माझ्या शेजारी बघतायत. मागे नाही हं आता. शेजारी. माझ्या अगदी खांद्याला खांदा लावून कुणी उभं असावं, तिथे.

आणि दुसरं बटण... कसं सांगू तुला? कुणीतरी गारठलेल्या बोटांनी काढावं तसं. एकदा घसरलं. परत काजातून अर्धं आलं, थांबलं, वळलं... आणि निघालं. मग तिसरं.

मी ओरडले नाही. ओरडायला आवाज लागतो. कानात अजून नळ्या होत्या आणि तिच्या छातीतून तिचा आवाज आला, आतून, घुमून येतो ना तसा.

‘‘ती रडतेय... म्हणतेय, मी पण असाच घातला होता... काढ...’’

माझ्या चपलेखाली ओलं लागलं. खाटेपाशी फरशीवर पाणी होतं. न्हाणीपासून इथपर्यंत नाही हं, मधली फरशी कोरडी ठणठणीत. फक्त माझ्या शेजारी. थेंब, थेंब... वरून पडावेत तसे.

आणि तेव्हा मला वास आला. स्वेटरची पुढची बाजू उघडी पडली होती, तिच्या अंगाच्या उबेने तापलेली होती, आणि साबणाच्या आणि उन्हाच्या वासाखालून तोच... लसूण आणि रॉकेल.

काय केलं मग? कात्री घेतली आणि तो स्वेटर टराटरा कापला! शेवटची बटणं राहिली होती, त्यांची वाट कोण बघतंय! ‘‘सर! सर! स्वेटर!’’ आता मात्र आवाज फुटला, अख्खी कॅज्युअल्टी जमा झाली. सरांनी कापलेली बाही नाकापासून लांब धरून हुंगली आणि रागाने लाल झाले. परत तिला धुतलं, पायापासून केसांपर्यंत. परत अॅट्रोपिन. मी छातीवर कान देऊन.

कोरडी झाली. आणि कोरडीच राहिली.

संध्याकाळी नवऱ्याला आत सोडलं. तो तिचे पाय धरून बसला. सर त्याच्यापाशी गेले, काहीतरी पुटपुटले. माफी मागत असावेत, कारण कानापर्यंत लाल झाले होते.

मग सिस्टरनी मावशींना विचारलं, स्वेटर कुणाचा? मावशींना घाम फुटला. मागच्या थंडीत एक बाई आली होती म्हणे, एकटी, कुणी नातेवाईक नाही. तीही फवारणीवालीच. तिला धुवायला घेतलं आणि धुता धुताच गेली बिचारी, केस पुसायला पण वेळ मिळाला नाही. हा स्वेटर तिच्या अंगावरून उशिराच, धुवायच्या वेळी काढून खाटेखाली टाकलेला. कुणी पिशवीत भरला नाही. मावशी म्हणाल्या, ‘‘इतका सुंदर विणलेला... मी गरम पाण्यात धुतला गं, उन्हात वाळवला, परत धुतला. मला काय माहीत लोकर सोडत नाही ते.’’ आणि तिथेच बसून रडल्या. त्यांना कोण काय बोलणार? आमच्यातल्या कुणालाच सुचलं नव्हतं.

सर मला म्हणाले, तू तो हाताळलास, डोळे दाखव. बघितले, नॉर्मल. म्हणजे मला जे दिसलं ते विषाने नाही दिसलं. ही एक पळवाट होती, ती पण गेली.

नर्सरीवाली शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा काय विचारलं असेल? ‘‘ती बाई कुठे गेली? केसांतून पाणी गळत होतं तिच्या. तिला टॉवेल द्या ना कुणीतरी.’’

झालं, एवढंच. नाही, एवढंच नाही. स्वेटर डबल पिशवीत बंद करून जाळायला पाठवला. दुसऱ्या दिवशी मावशींनी कपाट उघडलं, तर सगळे कपडे जिथल्या तिथे, बटणं लावलेले, फक्त दोन शर्ट... बटणं सगळी उघडी. मावशींनी आठवून आठवून सांगितलं, दोन्ही फवारणीच्या पेशंटचे. तेही पाठवले जाळायला. तेव्हापासून सिस्टर रोज सकाळी आधी ते कपाट उघडून बघतात. जे उघडं दिसेल ते बाहेर. सर हसतात, म्हणतात आपल्या लॅबपेक्षा हा रिपोर्ट लवकर येतो. हसतात, पण कपाटाला हात लावत नाहीत.

मला तर वाटतं ती वाईट नाहीये गं. तिला फक्त काढायचं असतं. तिचं वेळेत कुणी काढलं नाही ना.

बघ, अंगावर काटा आला माझ्या. आणि तू काय डोळा मारतेस मला? पापणी फडफडतेय नुसती तुझी. अगं... घाम आलाय तुला? या गारठ्यात?

थांब. दिव्याकडे तोंड कर. हलू नकोस... नाही, काही नाही, बघते फक्त. एवढ्या अंधारात बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात गं. तुझ्या तर...

परवापासून नाक गळतंय ना तुझं? कोट कधी घेतलास? परवाच.

ऐक माझं. घाबरू नकोस. मी रिक्षा बोलावते, आपण आत्ताच्या आत्ता जातोय. आधी तो काढायचा, मग साबणाने... काय? हो, माहितीये मला. मीच सांगितलं होतं गळ्यापर्यंत लावायला आणि तू लावलंस, मी बघितलं.

कप खाली ठेवू नकोस. दोन्ही हात कपावरच राहू देत, मला दिसू देत.

ठमे, तुझ्या पायाशी पाणी कशाचं आहे...? नाही, चहा नाही सांडलेला. आणि मागे बघू नकोस. मी म्हणतेय ना, मागे अजिबात बघू नकोस, बस तशीच.

ते शेवटचं बटण राहिलंय, ते काढू दे तिला.